‘सिंगिंग इन द रेन’ की ‘द बँड वॅगन’ : आधी कोणता पाहावा?

हॉलिवूडमधला जुना, गाण्यानाचण्याचा आणि मनमोकळे हसवणारा एकच चित्रपट पाहायचा असेल तर कोणता पाहावा, असे विचारले की बहुतेक जाणकार क्षणाचाही विलंब न लावता १९५२ सालच्या ‘सिंगिंग इन द रेन’चे नाव सांगतात. ते उत्तर चुकीचे नाही. पण त्या नावाशेजारी १९५३ सालचा ‘द बँड वॅगन’ ठेवून पाहिल्याशिवाय ते मला पुरते पटत नाही. दोन्ही चित्रपट मेट्रो-गोल्डविन-मेयर म्हणजे एमजीएम या एकाच स्टुडिओचे, दोन्हींचे निर्माते आर्थर फ्रीड, दोन्हींच्या कथा-पटकथा बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन या जोडीच्या, आणि दोन्हींत सिड शारीस यांचे नृत्य आहे. इतके काही समान असल्यामुळे ही तुलना न्याय्य ठरते. दिग्दर्शक वेगळे, नायक वेगळा आणि त्या नायकाला वाटणारी भीतीही वेगळी असल्यामुळे यांतला आधी कोणता पाहावा याचे उत्तर प्रत्येक प्रेक्षकासाठी एकच असू शकत नाही.

हे चित्रपट कसे आकाराला आले ते आधी सांगणे आवश्यक आहे, कारण दोन्हींमध्ये गाणी आधी आली आणि गोष्ट नंतर बेतली गेली. आर्थर फ्रीड हे मुळात गीतकार. बोलपटांच्या आरंभी, म्हणजे १९२९च्या सुमारास, संगीतकार नेसियो हर्ब ब्राउन यांच्यासह त्यांनी एमजीएमसाठी गाणी लिहिली आणि पुढे तिथेच ते निर्माते झाले. आपल्या त्या जुन्या गाण्यांवर एक चित्रपट उभा राहावा अशी त्यांची इच्छा होती. शीर्षकगीतही १९२९ सालच्याच एका चित्रपटातले. हे काम सोपवले गेले तेव्हा कॉम्डेन आणि ग्रीन यांनी ते आरंभी नाकारले, कारण आपल्या करारानुसार दुसऱ्यांच्या गाण्यांवर लिहिण्याचे बंधन आपल्यावर नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. असे कलम करारात नाहीच, हे कळल्यावर नाइलाजाने ते कामाला लागले. गाणी पुन्हा पुन्हा ऐकताना त्यांना जाणवले की ही गाणी ज्या काळात जन्मली तोच काळ गोष्टीचाही असावा, म्हणजे मूकपट मावळून बोलपट उगवण्याचा. सुरुवात कशी करावी याचे तीन आराखडे त्यांच्याकडे होते आणि तिन्हींतला एक निवडता येत नव्हता; तेव्हा बेटी कॉम्डेन यांच्या पतीने तिन्ही एकत्र वापरण्याचे सुचवले आणि पटकथेची गाठ सुटली. चित्रपटाची पहिली दहा-बारा मिनिटे इतकी भरगच्च का वाटतात, याचे उत्तर या प्रसंगात आहे.

‘द बँड वॅगन’साठी आर्थर श्वार्ट्झ आणि हॉवर्ड डीट्झ यांच्या गाण्यांचा साठा घेतला गेला. त्यांतली काही गाणी याच नावाच्या १९३१ सालच्या, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यवस्तीतील रंगमंचीय कार्यक्रमातली होती. गाणी, नाच आणि छोटी प्रहसने यांनी भरलेला, सलग कथासूत्र नसलेला तो कार्यक्रम फ्रेड अस्टेअर आणि त्यांच्या थोरल्या भगिनी अडेल यांनी गाजवला होता. गीतकार डीट्झ हे एमजीएमच्या प्रसिद्धी विभागाचे प्रमुखही होते. स्टुडिओचे सिंहाचे बोधचिन्ह त्यांच्याच कल्पनेतून आले. चित्रपटासाठी या दोघांनी एकच नवे गाणे लिहिले, ‘दॅट्स एंटरटेनमेंट’, आणि नेमके तेच पुढे इतके गाजले की एमजीएमने १९७४ साली आपल्या संगीतपटांच्या संकलनपटाला त्याचे नाव दिले.

आता कथांकडे वळू. ‘सिंगिंग इन द रेन’ १९२७ सालच्या हॉलिवूडमध्ये घडतो. डॉन लॉकवुड (जीन केली) आणि लीना लमाँट (जीन हेगन) ही मूकपटांतली लोकप्रिय जोडी आहे. ‘द जॅझ सिंगर’ या बोलपटाला यश मिळते आणि त्यांचा चित्रीकरण सुरू असलेला मूकपट रातोरात बोलपट करण्याची वेळ स्टुडिओवर येते. अडचण अशी की रूपवान लीनाचा आवाज कर्कश आहे आणि उच्चार ऐकवत नाहीत. पहिला खेळ फसतो, प्रेक्षक नको तिथे हसतात. मग चित्रपट संगीतमय करायचे ठरते आणि डॉनचा जिवलग मित्र कॉस्मो (डोनाल्ड ओ'कॉनर) युक्ती काढतो, की लीनाच्या ओठांमागे कॅथी (डेबी रेनॉल्ड्स) या नवख्या मुलीचा आवाज भरावा. डॉन त्याच कॅथीच्या प्रेमात पडलेला आहे. गोष्ट एवढीच आहे; पण तिच्यातला प्रत्येक सांधा पक्का बसलेला आहे.

‘द बँड वॅगन’मधील टोनी हंटर (फ्रेड अस्टेअर) हा उतरणीला लागलेला चित्रपटतारा आहे. आरंभीच त्याची टोपी आणि छडी लिलावात निघते आणि तिला कोणी बोली लावत नाही. तो न्यूयॉर्कच्या स्थानकावर उतरतो तेव्हा फलाटावर वार्ताहरांची गर्दी असते, पण ती त्याच गाडीने आलेल्या चित्रपटतारका एव्हा गार्डनर यांच्यासाठी. एकटा राहिलेला टोनी फलाटावरून चालत जाता जाता स्वतःशीच एक गाणे गुणगुणतो. ते नृत्य नव्हे, जेमतेम चालणे आहे. तरीही एवढ्या मोठ्या नर्तकाने नुसते चालून किती सांगावे, याचा हा वस्तुपाठ आहे. पुढे त्याचे लेखक मित्र, लिली आणि लेस्टर मार्टन (नॅनेट फॅब्रे आणि ऑस्कर लेव्हंट), त्याच्यासाठी हलकेफुलके संगीत नाटक लिहितात. पण जेफ्री कॉर्डोव्हा (जॅक ब्यूकॅनन) हा सर्वज्ञ दिग्दर्शक त्यात सैतानाला आत्मा विकणाऱ्या फाउस्टची गहन शोकांतिका शोधतो आणि नाटक न्यू हेवन शहरातील पहिल्याच प्रयोगात कोसळते. टोनीची नायिका गॅब्रिएल (सिड शारीस) ही बॅले नर्तिका. तिला त्याच्या कीर्तीचे दडपण वाटते, त्याला तिच्या उंचीचे आणि तालमीचे.

दोन्ही कथांच्या मध्यभागी फसलेला पहिला प्रयोग आहे आणि दोन्हींत तो प्रयोग सावरण्याचा उपाय एकच सुचवला जातो, की बडेजाव सोडा आणि जे आपल्याला येते ते आनंदाने करा. कॉम्डेन आणि ग्रीन या जोडीचे ते मनापासूनचे मत असावे, कारण न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील छोट्या क्लबात स्वतः लिहून, स्वतः गाऊन त्यांनी उमेदवारी केली होती. फरक इतकाच की पहिल्या चित्रपटात त्यांनी स्टुडिओतील जुन्या मंडळींकडून ऐकलेल्या हकिकतींना आकार दिला, तर दुसऱ्यात स्वतःचेच जग मांडले. मार्टन जोडपे म्हणजे कॉम्डेन आणि ग्रीन यांचेच प्रतिबिंब आहे; प्रत्यक्षात ते दोघे पती-पत्नी नव्हते, केवळ आयुष्यभराचे लेखनसहकारी होते. टोनी हंटरही बऱ्याच अंशी अस्टेअर यांच्यावरून बेतलेला आहे. १९४६ साली अस्टेअर यांनी निवृत्ती जाहीर केली होती. जीन केली यांचा घोटा मोडल्यामुळे १९४८च्या ‘ईस्टर परेड’मध्ये त्यांच्या जागी उभे राहण्यासाठी ते परतले. ‘द बँड वॅगन’च्या चित्रीकरणाच्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. पडद्यावरची ती भीती त्यांना बाहेरून आणावी लागली नसावी.

प्रेक्षकाच्या दृष्टीने विनोदाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण परभाषेतील विनोदी चित्रपट उपशीर्षकांवर वाचत पाहताना निम्मी गंमत वाटेत सांडते. या कसोटीवर ‘सिंगिंग इन द रेन’ स्पष्टपणे पुढे आहे. आपल्या कारकिर्दीत आपण कशी प्रतिष्ठा जपली ते डॉन नभोवाणीवर सांगत असतो आणि पडद्यावर मात्र तो गुत्त्यांत वाजवताना, टुकार रंगमंचांवर नाचताना आणि मारामारीच्या दृश्यांत दुसऱ्यांसाठी मार खाताना दिसतो. शब्द एक सांगतात, चित्र दुसरे दाखवते. हा विनोद समजायला इंग्रजीचे पांडित्य लागत नाही. ध्वनिमुद्रणाचा प्रसंग तर मला कितीही वेळा पाहिला तरी शिळा वाटत नाही. मायक्रोफोन झुडपात लपवला की लीना तोंड फिरवते आणि निम्मी वाक्ये हरवतात. तो तिच्या पोशाखात शिवला की तिच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. पहिल्या खेळाच्या वेळी ध्वनी आणि चित्र यांचा मेळ सुटतो तेव्हा नायिकेच्या तोंडून खलनायकाचा आवाज बाहेर पडतो. हे प्रसंग हवेतून आलेले नाहीत. आरंभीच्या बोलपटांत मायक्रोफोन लपवणे ही खरीच डोकेदुखी होती, गोंगाट करणारे कॅमेरे बंदिस्त खोक्यात ठेवावे लागत, आणि जॉन गिल्बर्ट या मूकपटांतील मोठ्या नटाच्या प्रणयसंवादांना १९२९ साली प्रेक्षक हसले होते.

‘द बँड वॅगन’चा विनोद याहून सूक्ष्म आहे, पण त्याला पूर्वतयारी लागते. लिलावातील टोपी पाहून हसू आणि कणव एकदमच यावी यासाठी १९३०च्या दशकातील अस्टेअर माहीत हवेत. कॉर्डोव्हाच्या बढाया कळण्यासाठी त्या काळी एकाच वेळी नट, दिग्दर्शक आणि निर्माता असलेल्या रंगभूमीवरील बड्या व्यक्तींची थोडी कल्पना हवी. शेवटचा ‘गर्ल हंट’ हा बॅले मिकी स्पिलेन यांच्या रक्तरंजित रहस्यकथांचे विडंबन आहे. त्या कथांची धाटणी ठाऊक नसेल तर निवेदनातील मजा निसटते. मी स्वतः हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा अस्टेअर यांचे आधीचे काम पाहिलेले नव्हते आणि पहिला अर्धा तास मला कोरडा गेला होता. काही वर्षांनी, त्यांचे जुने चित्रपट पाहून झाल्यावर, फलाटावरच्या त्याच दृश्याने गळा दाटून आला. चित्रपट तोच होता, माझी तयारी बदललेली होती.

अभिनयात लीना लमाँटची बरोबरी करणारे दुसऱ्या चित्रपटात कोणी नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन. जीन हेगन यांचा स्वतःचा आवाज खर्जातला आणि सुरेख होता. लीनाचा चिरका स्वर त्यांनी घडवला आणि शेवटपर्यंत एकदाही सोडला नाही. कॅथी लीनाच्या संवादांना आपला आवाज देते त्या दृश्यात प्रत्यक्ष ऐकू येणारा सुसंस्कृत आवाज हेगन यांचाच आहे. आणि कॅथीचा म्हणून ऐकू येणारा गाण्यातला आवाज काही ठिकाणी डेबी रेनॉल्ड्स यांचा नसून बेटी नॉइस या गायिकेचा आहे. ‘द बँड वॅगन’मध्येही सिड शारीस यांच्यासाठी इंडिया अडॅम्स यांनी गायन केले. दुसऱ्याच्या श्रमावर मिळवलेल्या श्रेयाची चीड हा ज्या चित्रपटाचा कणा आहे, त्याच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बेटी नॉइस यांचे नाव नसावे, ही गोष्ट मला मनापासून खुपते.

येथे मराठी प्रेक्षकाची जागा थोडी वेगळी आहे. पार्श्वगायन हा आपल्या चित्रपटांचा मान्य संकेत आहे. पडद्यावरील नायिका आणि तिच्यासाठी गाणारी गायिका या दोघींची नावे आपण सारख्याच प्रेमाने घेतो. त्यामुळे लीनाचा अपराध आपल्याला चटकन अपराध वाटत नाही, आणि तसा तो वाटण्यासाठी चित्रपटाला तिच्या दुष्टपणाची जोड द्यावी लागली आहे हे आपल्याला कदाचित अधिक स्पष्ट दिसते. मूकपटाकडून बोलपटाकडे जाण्याची उलथापालथ मात्र आपल्याही अंगणातली आहे. कोल्हापुरात ‘प्रभात’ने आधी मूकपट काढले आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आणला, तेव्हा संगीत रंगभूमीवर घडलेल्या गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांचा गाता गळा पडद्याला एकाएकी हवा झाला होता. ज्यांना हा इतिहास जवळचा आहे त्यांना डॉन आणि लीना यांची धांदल परकी वाटणार नाही.

नृत्याच्या बाबतीत तुलना सर्वांत रंगते. केली यांचे नृत्य जमिनीला धरून असते. गुडघे वाकलेले, खांदे रुंद, एखाद्या खेळाडूसारखी ताकद दाखवणारे. अस्टेअर यांच्या नृत्यात श्रम दिसतच नाहीत. शरीर सरळ, हात मोकळे, आणि ताल पायांपेक्षाही मनगटातून कळावा अशी नजाकत. दोघांसोबतही नाचलेल्या सिड शारीस सांगत, की तालमीहून घरी गेल्यावर आज कोणाबरोबर नाचले हे पतीला न विचारताच कळे: अंग काळेनिळे असेल तर केली, ओरखडाही नसेल तर अस्टेअर. या एका आठवणीत दोन्ही शैलींचा फरक सामावलेला आहे.

पावसातले सुप्रसिद्ध नृत्य एमजीएमच्या आवारातील कायमस्वरूपी उभारलेल्या रस्त्यावर चित्रित झाले. रात्रीचा भास व्हावा म्हणून रस्त्यावर ताडपत्री ताणली होती, पाण्याची डबकी जिथे हवी तिथे फरसबंदी खोदून केली होती, आणि पावसाच्या धारा पडद्यावर दिसाव्यात यासाठी मागून प्रकाश टाकला होता. पाण्यात दूध मिसळले होते ही कथा सर्वत्र ऐकू येते, पण ती खरी नाही. श्रेय छायाचित्रकार हॅरल्ड रॉसन यांच्या प्रकाशयोजनेचे आहे. केली त्या वेळी तापाने फणफणले होते. हे सर्व माहीत असूनही दृश्य सुरू झाले की काहीच आठवत नाही. छत्री मिटली जाते, दिव्याच्या खांबावर चढून माणूस हात पसरतो, पन्हळीखाली उभा राहतो, शेवटी डबक्यात लहान मुलासारखा थयथयाट करतो आणि समोर पोलीस दिसताच ओशाळून चालू लागतो. नृत्याचा प्रत्येक टप्पा कुणालाही करता येण्याजोग्या कृतीपासून सुरू होतो, म्हणून ते आपलेसे वाटते.

‘द बँड वॅगन’चे उत्तर आहे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या उद्यानातील ‘डान्सिंग इन द डार्क’. तेही स्टुडिओतच उभारलेले उद्यान, तिथे कोणी गात नाही, कोणी बोलत नाही. भांडणानंतर घोडागाडीतून उतरलेले दोघे नुसते चालू लागतात. चालता चालता एकाचे पाऊल किंचित वळते, दुसऱ्याचे त्याला उत्तर देते, आणि आपल्याला एकत्र नाचता येईल का, हा जो प्रश्न अर्धा तास टांगलेला होता तो काही मिनिटांत सुटतो. नृत्यदिग्दर्शक मायकेल किड यांनी त्यात बॅले आणि बॉलरूम यांची सांगड अशी घातली आहे की सांधा शोधूनही सापडत नाही. केवळ नृत्याच्या निकषावर एकच दृश्य निवडायचे असेल तर मी हे निवडीन. पावसातले दृश्य एका माणसाचा आनंद दाखवते. इथे दोन माणसे एकमेकांना समजून घेताना दिसतात, आणि ते दाखवणे अधिक अवघड आहे.

बाकीच्या नृत्यांचा हिशेब सम-विषम आहे. डोनाल्ड ओ'कॉनर यांचे ‘मेक एम लाफ’ हे भिंतीवर धावत जाऊन कोलांटी घेण्यापर्यंत पोहोचलेले एकपात्री धाडस आहे; मात्र त्याची चाल कोल पोर्टर यांच्या १९४८च्या ‘द पायरेट’मधील एका गाण्याशी फारच मिळतीजुळती आहे, हेही सांगायला हवे. ‘द बँड वॅगन’मध्ये अस्टेअर, फॅब्रे आणि ब्यूकॅनन गुडघ्यांवर नाचत तिळी बाळे होतात, ते पाहून लहान मुले खळखळून हसतात. बूटपॉलिशवाल्याबरोबरचे टोनीचे नृत्य मला त्याहून प्रिय आहे. तो नर्तक, लिरॉय डॅनियल्स, लॉस एंजेलिसमध्ये खरोखरच बूटपॉलिश करणारा कृष्णवर्णीय कलावंत होता. त्याच्या हातातील ब्रश आणि फडक्याचा ठेका अस्टेअर यांच्या पायांना तोडीस तोड आहे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचेही नाव नाही.

दिग्दर्शनात हेतूच वेगळे आहेत. ‘सिंगिंग इन द रेन’चे दिग्दर्शन केली आणि स्टॅन्ली डोनन यांनी जोडीने केले, आणि त्यांचा भर वेगावर आहे. कुठेही रेंगाळायचे नाही, एका दृश्याचा शेवट पुढच्याला ढकलतो. ‘द बँड वॅगन’चे विन्सेंट मिनेली हे रंगमंचसज्जा आणि वेशभूषा करत करत दिग्दर्शक झाले होते आणि रंग हे त्यांचे माध्यम होते. ‘गर्ल हंट’मधील लाल, पिवळे, काळे पट्टे किंवा उद्यानातील निळसर अंधारात शारीस यांचा साधा पांढरा पोशाख यांकडे नुसते पाहत राहावेसे वाटते. सिड शारीस यांच्या दोन भूमिकांची तुलना करावी: पहिल्या चित्रपटात त्या ‘ब्रॉडवे मेलडी’ या लांबलचक नृत्यनाट्यात हिरव्या पोशाखात येतात आणि एक शब्दही न बोलता जातात; दुसऱ्यात त्या नायिका आहेत आणि त्यांच्या मोठ्या आवाक्याला जागा मिळाली आहे. शारीस यांच्यासाठीच पाहायचे असेल तर ‘द बँड वॅगन’ला पर्याय नाही.

उणिवा दोन्हींत आहेत. ‘ब्रॉडवे मेलडी’ कितीही देखणी असली तरी ती कथेला सुमारे पाव तास थांबवते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपण चुकून दुसराच चित्रपट पाहतो आहोत की काय असे वाटू शकते. ‘द बँड वॅगन’ची उणीव अधिक गंभीर आहे. न्यू हेवनच्या अपयशानंतर टोनी सूत्रे हाती घेतो आणि तिथून पुढे एकामागून एक गाणी नव्या नाटकातले प्रवेश म्हणून येत राहतात. मार्टन पती-पत्नींचे लेखन कसे बदलले, कॉर्डोव्हाचा अहंकार इतक्या सहज कसा गळला, हे जवळजवळ सांगितलेच जात नाही. प्रत्येक गाणे सुंदर, पण धागा सैल.

काळाने उघड केलेल्या गोष्टीही आहेत. केली आणि रेनॉल्ड्स यांच्या वयांत वीस वर्षांचे अंतर होते, अस्टेअर आणि शारीस यांच्यात सुमारे तेवीस. पहिला चित्रपट या अंतराचा उल्लेखही करत नाही. दुसरा निदान त्याला संवादांत आणतो, आणि ते मला अधिक प्रामाणिक वाटते. लीनाचा शेवटचा अपमान, भर सभागृहात पडदा वर ओढून तिचे बिंग फोडणे, आज पाहताना जिवाला लागतो, कारण तिच्या कारकिर्दीचा अंत घडवणारे तिघेही पुरुष तिच्याच नावावर पोट भरत आले होते. तो प्रसंग हसरा आहे हे मी नाकारत नाही. त्यातला क्रूरपणा लपत नाही, एवढेच.

निर्मितीतील कष्टांची एक आठवण या दोन चित्रपटांना विलक्षण रीतीने जोडते. एकोणीस वर्षांच्या डेबी रेनॉल्ड्स कसरतपटू होत्या, नर्तिका नव्हत्या. केली आणि ओ'कॉनर यांच्या बरोबरीने ‘गुड मॉर्निंग’ नाचताना त्यांच्या पायांतून रक्त आले. तालमीच्या दिवसांत एकदा त्या पियानोखाली बसून रडत होत्या, तेव्हा तिथे आलेल्या अस्टेअर यांनी त्यांना आपल्या सरावाला बसू दिले, आणि तिथे त्यांना दिसले की हा श्रेष्ठ नर्तकही घामाघूम होतो, चिडतो, पुन्हा सुरुवात करतो. हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले आहे. ‘द बँड वॅगन’च्या चित्रीकरणाचे वातावरण त्या मानाने थंड आणि ताणलेले होते, असे नॅनेट फॅब्रे यांनी नमूद केले, लेव्हंट नुकतेच हृदयविकारातून उठले होते. पडद्यावर मात्र त्याचा मागमूस नाही.

पुरस्कारांवरून निवड करणाऱ्यांची दिशाभूल होण्याचा संभव आहे, म्हणून दोन शब्द. ‘सिंगिंग इन द रेन’ला ऑस्करची केवळ दोन नामांकने मिळाली, एक हेगन यांना आणि एक संगीतसंयोजनाला, ‘द बँड वॅगन’ला तीन, कथा-पटकथा, संगीतसंयोजन आणि वेशभूषेसाठी. दोघांच्याही हाती ऑस्कर लागले नाही, आणि ‘द बँड वॅगन’ने तर स्टुडिओला तोटा दिला. पुढे काळाने निकाल बदलला: अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत पहिला १९८९ सालच्या पहिल्याच यादीत गेला, दुसरा १९९५ साली. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००६ साली संगीतपटांची क्रमवारी लावली तेव्हा ‘सिंगिंग इन द रेन’ पहिला होता.

तर मग निवड. हॉलिवूडचा एकही संगीतपट न पाहिलेल्या, किंवा पात्रे मध्येच गाऊ लागली की अवघडणाऱ्या प्रेक्षकाने ‘सिंगिंग इन द रेन’नेच सुरुवात करावी, तो १०३ मिनिटांचा आहे आणि त्यातले गाणे बहुधा एखाद्या कारणाने येते. घरातील मुले आणि आजी-आजोबा एकत्र पाहणार असतील तरी तोच. चित्रपट कसा बनतो याचे कुतूहल असलेल्यांनी, ध्वनिमुद्रण किंवा डबिंगचे काम करणाऱ्यांनी तर आजच पाहावा. नाटकाशी ज्यांचा संबंध आला आहे, ज्यांनी दौरे केले, पडलेले प्रयोग सोसले, दिग्दर्शकाच्या हट्टापायी चांगली संहिता बुडताना पाहिली, त्यांनी मात्र माझ्या मते उलट क्रम घ्यावा. ११२ मिनिटांचा ‘द बँड वॅगन’ त्यांना पहिल्या दृश्यापासून कळेल. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, आपले काम आता कोणाला हवे आहे का, या विचाराने कधी तरी रात्री जागलेल्या माणसालाही मी तोच आधी सुचवीन. त्यांनी त्यापूर्वी अस्टेअर यांचा १९३०च्या दशकातील एखादा कृष्णधवल चित्रपट पाहिला तर मी जो अर्धा तास वाया घालवला तो त्यांचा वाचेल.

दोन्ही पाहायचे ठरले तर लागोपाठ एकाच दिवशी पाहू नयेत. पहिल्याचा वेग दुसऱ्याला संथ ठरवतो. दोन्ही रुंद पडद्याच्या आगमनापूर्वीचे असल्यामुळे त्यांची चौकट जवळजवळ चौकोनी आहे. आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील, ते तसेच राहू द्यावेत. चित्र ताणून पडदा भरला तर नर्तकांची शरीरे बसकी दिसतात. मोबाइलवर पाहण्याचा मोहही टाळावा, विशेषतः ‘द बँड वॅगन’च्या बाबतीत, कारण अस्टेअर स्वतःला नखशिखांत चौकटीत ठेवतात आणि लहान पडद्यावर त्यांची मनगटे दिसत नाहीत. उद्यानातले नृत्य संपल्यावर दोघे तालातच घोडागाडीत चढतात आणि शेजारी बसतात. त्या क्षणी नजर चेहऱ्यांवर न ठेवता त्यांच्या हातांवर ठेवावी.